अकीक्याच्या दिवशी बाळाचे डोके नीट पाहा

राजगुरुनगर ते चाकण या पट्ट्यात अनेक घरांचे घड्याळ कारखान्याच्या पाळीवर चालते. बाळाला ताप आला की औषधाच्या दुकानातून बाटली आणून आपण दोन दिवस ढकलतो. बहुतेक ताप उतरतातही. पण क्वचित एखाद्या मुलाच्या तापाचे मूळ जन्मापासून त्वचेखाली दडलेले असते.

गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत मेंदू आणि मज्जारज्जू त्वचेच्या थरापासून वेगळे होतात. एखाद्या जागी ते पुरते सुटले नाहीत, तर आत जाणारी बारीक नळी राहून जाते. तिच्या टोकाला कधी गाठ असते. तिला डर्मॉइड सिस्ट म्हणतात. बाहेरून दिसते ते टाचणीच्या टोकाएवढे छिद्र, डोक्याच्या मागे, नाकाच्या दांड्यावर किंवा पाठीच्या कण्यावर, बहुधा अगदी मधोमध. त्यातून एखादा केस डोकावतो, पाणी झिरपते. याच वाटेने जंतू आत गेले तर मेंदूज्वर होतो, मेंदूत पू साचतो. औषधांनी ताप उतरला तरी वाट उघडी राहते आणि आजार उलटू शकतो.

सातव्या दिवशी अकीक्याला बाळाचे केस उतरवतो, तेव्हा डोक्याची मागची बाजू उघडी दिसते. दादी-नानींनी त्याच वेळी डोके, नाक आणि पाठ उजेडात पाहावी. माकडहाडाजवळ फटीतला उथळ खळगा सहसा निरुपद्रवी असतो. तरी शंका असल्यास डॉक्टरांना दाखवावा. छिद्र दाबू नये, त्यात काडी घालू नये, तेल-हळद भरू नये. एमआरआय करून, जंतुसंसर्गाआधीच शस्त्रक्रियेने पूर्ण नळी काढणे हा खरा इलाज.

अंगणवाडीत आणि शाळेत येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक जन्मजात दोषांची तपासणी मोफत करते. त्यांना ती खूण दाखवा. गरज पडल्यास पुण्याच्या ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात पाठवणी होते. तापासोबत उलट्या, झटके, गुंगी, मान ताठ होणे किंवा टाळू फुगणे दिसले, तर सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करा.

आणि सुनेला बोल लावू नका. ग्रहणात सुरी धरली म्हणून हे होत नाही. तिच्या हातून काही चुकलेले नसते. बाळाला वेळेवर दवाखान्यात नेण्यासाठी तिला घरच्यांची साथ हवी असते.