विश्लेषण : चाकण पट्ट्यातला ‘मेडिकल’वाला… विक्रेता की आरोग्यसेवक?

दुसरी पाळी रात्री अकराच्या सुमारास सुटते, तेव्हा महाळुंग्यातले बहुतेक दवाखाने बंद झालेले असतात. उघडे असते ते एखादे ‘मेडिकल’. सर्दी, कंबरदुखी, हाताला लागलेला पत्रा, लेकराचा ताप असे सगळे त्या काउंटरवर येते आणि अनेकदा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय येते. कायद्याने काउंटरमागे नोंदणीकृत फार्मासिस्ट असलाच पाहिजे. पण त्याची कमाई ठरते ती किती पाकिटे विकली यावर. रुग्णाला दिलेल्या सल्ल्याचा त्याला एक रुपयाही मिळत नाही. या व्यवसायाच्या आजच्या बहुतेक अडचणींचे मूळ इथे आहे.

महाळुंग्यात प्रश्न वेगळा का?

हे बालेवाडीशेजारचे महाळुंगे नव्हे. खेड तालुक्यातले, चाकण एमआयडीसीतले महाळुंगे इंगळे. बजाज ऑटोचा कारखाना इथला. निघोजे, खराबवाडी, कुरुळी ही गावेही कारखान्यांनी वेढलेली. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेले कंत्राटी कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात. दवाखान्यात जायचे म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे हजेरी बुडाली. महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना राज्य कामगार विम्याचे कवच आहे. पण विमा रुग्णालय चिंचवडच्या मोहननगरात. जाणे, रांग आणि परत येणे यात दिवस जातो. त्यामुळे विम्याचे कार्ड खिशात असूनही गोळी पदरच्या पैशाने घेतली जाते.

अशा वेळी काउंटरवरचे एक वाक्य महत्त्वाचे ठरते. सर्दीच्या अनेक गोळ्यांत क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन असते. त्याने पेंग येते. ती खाऊन रात्रपाळीत प्रेस मशीनवर उभे राहणाऱ्याला हे कोणी सांगायचे? कंबरदुखीवर महिनोन् महिने डायक्लोफिनॅक घेणाऱ्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला धोका असतो. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या सुरू असतील तर तो वाढतो. इन्सुलिनचे तर विचारूच नका. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची. वापरातली बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण खोली २५ ते ३० अंशांच्या आत असेल तरच. पत्र्याच्या खोलीत, एप्रिलमध्ये, फ्रीज नसताना ती ठेवायची कुठे? बाटलीत पाणी जाणार नाही अशा बेताने मातीच्या ओल्या भांड्याच्या गारव्यात ठेवा, हे सांगणारा माणूस समोर लागतो.

कायदा काय म्हणतो?

फार्मसी कायदा १९४८चा. त्याच्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे. २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाचे समुपदेशन हेही त्याचे काम ठरवले. मार्च २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीतील औषधांची वेगळी नोंदवही बंधनकारक आहे. सेफिक्झिमसारखी प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे, अल्प्राझोलाम त्यात येतात. डॉक्टर, रुग्ण, औषध, प्रमाण हे सारे लिहायचे आणि वही तीन वर्षे जपायची.

कागदावर हे चोख आहे. पण सकाळी आठ ते रात्री अकरा दुकान उघडे ठेवायचे तर दोन फार्मासिस्ट हवेत. छोट्या दुकानाला एकाचाच पगार जड जातो. मग प्रमाणपत्र भिंतीवर आणि माणूस भलतीकडे, ही जुनी पळवाट निघते. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी राज्यात या प्रकाराविरुद्ध मोहीम उघडली होती, तेव्हा औषध विक्रेत्यांनी बंद पुकारले. विक्रेत्यांचा राग समजण्यासारखा असला तरी भाड्याच्या प्रमाणपत्राचे समर्थन होऊ शकत नाही.

मग पैशाचे गणित कुठे अडते?

किंमत नियंत्रणाखालील औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरला जातो. २० रुपयांना घेतलेल्या पाकिटामागे तीन रुपये वीस पैसे. भाडे, वीज, पगार, मुदत संपलेला माल हे सगळे त्यातूनच. समोर ऑनलाइन कंपन्यांची सवलत आहे. ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये निघाला. तो अंतिम झालेला नाही. करोनाकाळात, २६ मार्च २०२० रोजी, घरपोच औषधांना मुभा देणारी अधिसूचना आली. ती मागे घ्या, अशी औषध विक्रेत्यांच्या ‘एआयओसीडी’ या देशव्यापी संघटनेची मागणी आहे.

जनऔषधी केंद्रात चालकाला २० टक्के मिळतात आणि औषधे ५० ते ९० टक्के स्वस्त असतात. मात्र, चिठ्ठीवर ब्रँडचे नाव असेल तर एच, एच-१ आणि एक्स अनुसूचीतील औषधांत फार्मासिस्ट स्वतःच्या अखत्यारीत बदल करू शकत नाही. स्वस्त पर्याय त्याला ठाऊक असतो, तरी हात बांधलेले.

संधी कुठे आहे?

सवलतीच्या शर्यतीत छोटे दुकान जिंकणार नाही. त्याची ताकद ओळखीत आहे. महिन्यात तिसऱ्यांदा खोकल्याचे औषध न्यायला आलेला माणूस कोणत्या खोलीत, किती जणांसोबत राहतो, हे त्याला माहीत असते. २०१८ पासून क्षयरोगाच्या औषधविक्रीची माहिती सरकारला कळवणे औषध विक्रेत्यांनाही बंधनकारक आहे. खोकला हटत नसलेल्याला थुंकीच्या तपासणीला पाठवणे ही त्याच्या अलीकडची पायरी आहे.

इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून ‘फार्मसी फर्स्ट’ योजनेत सात साध्या आजारांवर फार्मासिस्ट सल्ला व औषध देतो आणि त्या सल्ल्याचे पैसे सरकारी आरोग्यसेवा त्याला देते. आपल्याकडे तशी तरतूद नाही. चाकणच्या कारखान्यांनी मनावर घेतले तर रक्तदाब, साखर तपासणी आणि औषध समुपदेशनासाठी जवळच्या दुकानांशी करार करता येईल. कामगाराचा खाडा टळेल, दुकानाला पाकिटापलीकडचे उत्पन्न मिळेल.

ग्राहकाने काय पाहावे?

फार्मासिस्टच्या पांढऱ्या कोटावर नाव व नोंदणी क्रमांक असावा. पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर ते चिठ्ठीशिवाय मागू नका. ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख ब्रँडवर क्यूआर कोड आहे, तो मोबाइलने तपासा. आणि बिल घ्याच. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात विषारी खोकल्याच्या औषधाने मुले दगावली, तेव्हा महाराष्ट्रातही त्या औषधाबाबत इशारा निघाला होता. घरातली बाटली त्यातलीच आहे का, हे बॅच क्रमांकावरून कळते. तो बिलावर छापलेला असतो.