खालची पट्टी गायब झाली? थांबा, फॉरमॅट मारू नका

आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण कानकोंडं होऊ नका. कागद आणि पेन तेवढं जवळ घेऊन बसा, कारण मध्ये दोन-तीन शब्द मी अक्षर-अक्षर सांगणार आहे.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. इथे इंग्लंडात आपल्यापैकी किती घरांत तेव्हा जुने लॅपटॉप बाहेर निघाले! नव्या विंडोजला ते चालत नाहीत, टाकून द्यायला जीव होत नाही. मग कुणाच्या तरी मुलाने किंवा भाच्याने त्यावर लिनक्स मिंट घालून दिलं, आणि लॅपटॉप जुना म्हणून त्यातली एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती निवडली. निवड चांगली आहे. ऑलिव्हिए फूर्दां या प्रोग्रामरने 1996 मध्ये सुरू केलेलं हे काम, चिन्हात उंदीर, आणि स्वभावही तसाच: थोडं खातं, चपळ धावतं.

अडचण येते ती भाचा परत युनिव्हर्सिटीला गेल्यावर. एका सकाळी आजी लॅपटॉप उघडतात आणि खालची पट्टी नाही. मेनू नाही, घड्याळ नाही, काही नाही. नुसतं चित्र.

माझ्या घरी हेच झालं होतं. बाबा नाशिकहून सहा महिन्यांसाठी आले होते आणि रोज दुपारी त्यांच्या नोकरीतल्या आठवणी मराठीत टाइप करत होते. चाळीसेक पानं झाली असतील. पट्टी गेली तो रविवार होता. मी तासभर झगडले, चिडले, आणि शेवटी पेनड्राइव्ह लावून सगळं नव्याने टाकलं. लॅपटॉप झकास चालू झाला. बाबांनी विचारलं, "माझं लिखाण कुठे गेलं?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय केलं ते. बाबा रागावले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. पुढे कळलं की सगळा बिघाड एका शब्दात दुरुस्त होण्यासारखा होता. म्हणून आजचा हा कार्यक्रम.

आधी हे समजून घ्या. आपण ज्याला "डेस्कटॉप" म्हणतो ती एकच वस्तू नाही. एक्सएफसीईमध्ये तीन-चार वेगवेगळी माणसं कामाला ठेवल्यासारखं आहे. पट्टी सांभाळणारा एक प्रोग्राम. मागचं चित्र आणि त्यावरची चिन्हं दाखवणारा दुसरा. खिडक्यांना चौकट, वर नावाची पट्टी आणि बंद करायची फुली देणारा तिसरा. यातला एक आजारी पडला तरी बाकीचे कामावर असतात. त्यामुळे काय दिसत नाही यावरून कोण रजेवर गेलंय ते ओळखता येतं. आणि तुमची कागदपत्रं, फोटो, बाबांचं लिखाण? त्यांचा या मंडळींशी संबंधच नाही. ती आपल्या फोल्डरमध्ये जागच्या जागी असतात.

तर पट्टी गेली असेल तर ऑल्ट आणि एफ 2 या कळा एकत्र दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन ही कळही दाबावी लागते. एक छोटी चौकट उघडेल. तिच्यात इंग्रजी लहान अक्षरांत लिहा: एक्स, एफ, सी, ई, आकडा 4, आडवी रेघ, आणि मग पॅनेल, म्हणजे पी, ए, एन, ई, एल. मध्ये कुठेही जागा सोडू नका. एंटर. बहुतेक वेळा पट्टी लगेच परत येते.

खिडक्यांच्या फुल्या आणि नावाच्या पट्ट्या गेल्या असतील तर शब्द वेगळा: एक्स, एफ, डब्ल्यू, एम, आकडा 4. आणि मागचं चित्र गेलं, राइट क्लिकही चालत नाही, तर एक्स, एफ, आणि पुढे डेस्कटॉप, सगळं जोडून.

आता खरी गंमत. पट्टी आज आली आणि उद्या सकाळी पुन्हा नाही! याचं कारण सहसा एका टिकेत असतं. लॅपटॉप बंद करताना जी चौकट येते तिच्यात "पुढच्या वेळेसाठी सेशन जतन करा" अशा अर्थाचा एक चौकोन असतो. पट्टी गेलेली असताना त्यात टीक राहिली, तर संगणक इमानदारीने "पट्टी नसलेलं" दृश्य लक्षात ठेवतो आणि रोज तेच मांडून देतो. आपल्याकडे नव्या सुनेला पहिल्या दिवशी जे सांगितलं ते ती वर्षभर करते, तसं. (आता कोणी ऐकतं का, ते सोडा.) उपाय सोपा आहे: सेटिंग्जमध्ये "सेशन अँड स्टार्टअप" उघडा, तिथे जतन केलेली सेशन्स पुसायचं बटण आहे ते दाबा, आणि पुढे त्या चौकोनात टीक ठेवू नका.

काही तक्रारी तर बिघाडच नसतात. "माझ्या सगळ्या खिडक्या गेल्या," असा फोन आला की मी आधी विचारते, माऊसचं चाक फिरवलं का? रिकाम्या जागेवर चाक फिरवलं की एक्सएफसीई दुसऱ्या वर्कस्पेसवर नेतं, म्हणजे शेजारच्या रिकाम्या टेबलावर. चाक उलटं फिरवा, खिडक्या तिथेच असतात. तसंच खिडकीच्या नावाच्या पट्टीवर चाक फिरलं तर खिडकी चटईसारखी गुंडाळली जाते आणि नुसती पट्टी उरते. वयस्कर माणसांच्या लॅपटॉपवर या दोन्ही सवयी मी सरळ बंद करते: सेटिंग्जमध्ये "विंडो मॅनेजर ट्वीक्स" आहे, त्यात माऊसच्या चाकाच्या टिका काढायच्या. आणि एखादी खिडकी पडद्याहून मोठी होऊन खालचं "ओके" बटण दिसेनासं झालं, तर ऑल्ट दाबून धरून खिडकीला कुठेही पकडा आणि वर ओढा.

एवढं करूनही जमलं नाही तर बिघाड कशात आहे ते तपासायची एक खात्रीची युक्ती आहे. संगणकावर दुसऱ्या नावाने नवं खातं उघडा आणि त्यातून आत जा. तिथे सगळं ठीक दिसलं तर यंत्र शाबूत, बिघडल्यात फक्त तुमच्या खात्याच्या सेटिंग्ज. मिंटमधलं टाइमशिफ्ट मागे नेऊनही पट्टी येत नाही ती याचमुळे: ते सिस्टिमच्या फायली सांभाळतं, तुमच्या घरच्या फोल्डरला मुद्दाम सांगितल्याशिवाय हात लावत नाही.

या सेटिंग्ज म्हणजे घरच्या फोल्डरमधल्या लपलेल्या साध्या फायली. त्या पुसायच्या नाहीत, नुसतं त्या फोल्डरचं नाव बदलायचं. लॅपटॉप रीस्टार्ट करा, पण लॉगिन करू नका. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ 3 दाबा. काळा पडदा येईल. नाव आणि पासवर्ड लिहा. पासवर्डची अक्षरं दिसणार नाहीत, तरी ती उमटत असतात. आता लिहून घ्या: एम, व्ही, मोकळी जागा, टिंब, कॉन्फिग, तिरकी रेघ, एक्सएफसीई 4, मोकळी जागा, टिंब, कॉन्फिग, तिरकी रेघ, जुने. शेवटचा शब्दही इंग्रजी अक्षरांतच. एंटर. मग रीबूट असं लिहून एंटर. पुन्हा आत आलात की डेस्कटॉप कोरा करकरीत असेल. वॉलपेपर आणि पट्टीची मांडणी गेली, लिखाण आणि फोटो सुखरूप.

ती मांडणी पुन्हा करावी लागू नये म्हणून सगळं नीट असताना पट्टीवर राइट क्लिक करून तिच्या प्रेफरन्सेसमध्ये जा. तिथे बॅकअपची सोय दिसली तर एक प्रत काढून ठेवा. आणि "लॉक पॅनेल"वर टीक करा. नातवंडं पट्टी धरून ओढतात हे निम्म्या बिघाडांचं मूळ आहे, असं माझं आपलं मत.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. कीबोर्डच्या यादीत इंग्रजी पहिलं ठेवा, मराठी दुसरं. नाहीतर ऑल्ट-एफ 2 च्या चौकटीत आणि पासवर्डच्या जागी देवनागरी उमटेल आणि काहीच चालणार नाही. इनस्क्रिप्ट येत नसेल तर आयबससोबत एम 17 एन घाला. त्यात उच्चाराप्रमाणे लिहायची मराठी पद्धत आहे.

वयस्करांसाठी सजावट करायची तर थीम आणि रंगांच्या मागे लागू नका. "अपिअरन्स"मध्ये फॉन्ट्सच्या पानावर डीपीआय 96 चा 120 करा, सगळी अक्षरं एकदम मोठी होतात. माऊसच्या सेटिंग्जमध्ये बाणाचा आकार 24 वरून 48. फोल्डर एकाच क्लिकने उघडतील असं करा, कारण थरथरत्या बोटांना दोन क्लिक पटपट जमत नाहीत.

बाबा पुढच्या वर्षी पुन्हा आले तेव्हा मी हे सगळं आधी करून ठेवलं होतं, आणि पट्टीवर एक दुसरं घड्याळ लावलं होतं. पट्टीवर राइट क्लिक करून नवीन वस्तू म्हणून घड्याळ निवडायचं आणि त्याच्या टाइमझोनच्या जागी आशिया, तिरकी रेघ, कोलकाता लिहायचं. उन्हाळ्यात साडेचार तास की हिवाळ्यात साडेपाच, हा हिशोब तेच करतं. बाबा त्यात बघून नाशिकला काकांना फोन लावायचे. लिखाणही पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केलं. आता रोज संध्याकाळी त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर जाते, आणि तो पेनड्राइव्ह ते माझ्या हातात देत नाहीत.