दोनशे चौदा कोटींवर अडलेलं घड्याळ

घरात मुलं असतील तर त्यांना हाक मारा, कागद-पेन्सिल घेऊन बसवा. आजची संख्या लिहा: २,१४,७४,८३,६४७. दोनशे चौदा कोटी, चौऱ्याहत्तर लाख, त्र्याऐंशी हजार, सहाशे सत्तेचाळीस.

ही संख्या माझ्या मागे लागली ती एका कर्जामुळे. २०१८ साली एका ग्राहक कंपनीच्या जुन्या सिस्टिममध्ये वीस वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता चक्क १९०२ सालचा दिसू लागला. थकबाकीची नोटीससुद्धा तयार! पाठवण्याआधी कुणाच्या तरी लक्षात आलं, म्हणून निभावलं.

झालं काय होतं? अनेक सिस्टिम १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले तेवढंच मोजतात. जुन्या सिस्टिम तो आकडा ३२ खणांत लिहितात. एक खण अधिक-उण्याचा, उरले ३१. प्रत्येकात ० किंवा १. सगळ्यांत १ भरले की १ + २ + ४ + ८ अशी दुप्पट होत जाणाऱ्या ३१ पदांची बेरीज होते, म्हणजे २ चा ३१वा घात वजा १. तीच आपली संख्या. पुढच्या सेकंदाला आकडा उणे होतो आणि तारीख १३ डिसेंबर १९०१ वर जाऊन पडते.

आता गणिताकडे. ही मूळ संख्या आहे; १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. लेओनार्ड ऑयलरने हे १७७२ पर्यंत सिद्ध केलं होतं, कागदावर! साध्या रीतीने तपासायचं तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. त्या साडेचार हजारांहून जास्त आहेत.

मुलांनो, त्याची युक्ती छोट्या भावंडावर बघा. २ चा ११वा घात वजा १ म्हणजे २०४७. ११ मूळ आहे, म्हणून २०४७ चा कुठलाही विभाजक २२ च्या पटीत एक मिळवूनच येणार. पहिलाच उमेदवार २३. भागा बरं. २३ गुणिले ८९, बरोबर २०४७! आणि ८९ म्हणजे ८८ अधिक १. ३, ७, १३ यांच्या वाटेला जायचंच नाही.

३१ साठी तीच पट ६२ ची. त्यात ऑयलरने आणखी एक चाळणी लावली: आठाने भागल्यावर विभाजकाची बाकी १ किंवा ७ च यायला हवी. उरले जेमतेम ३७३ उमेदवार. एकानेही भाग गेला नाही.

तो शेवटचा सेकंद येतोय मंगळवारी, १९ जानेवारी २०३८ ला. लंडनमध्ये पहाटेचे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंद, इथे दुबईत सव्वासातला मिनिटभर कमी, पुण्यात पावणेनऊला. न्यूयॉर्कला अजून १८ तारखेची रात्रच असेल. नवे फोन-लॅपटॉप ६४ खण वापरतात, त्यांची काळजी नको. पण गावाकडच्या घराचं कर्ज किंवा विम्याची पॉलिसी २०३८ च्या पुढे जात असेल, तर आज जेवणानंतर तो कागद काढा आणि शेवटची तारीख काय छापलीय ती वाचा.