मिठात मिसळलेले आणि मिठात जोडलेले

उरण-पालघरच्या मिठागरांत भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेतात आणि पुढचे काम उन्हावर सोपवतात. किलोभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. पाणी आटू लागले की आधी जिप्सम तळाशी बसते, मग मिठाचे खडे धरतात. मॅग्नेशियमचे क्षार उरलेल्या कडवट पाण्यात शेवटपर्यंत राहतात. नुसत्या उन्हाने हे सारे वेगळे होते, कारण समुद्राचे पाणी हे मिश्रण आहे. मिश्रणात घटकांचे प्रमाणही ठरलेले नसते. मृत समुद्रात क्षार जवळजवळ दसपट आहेत.

आता मिठाचा खडा पाहा. त्यातला सोडियम हा सुरीने कापता येणारा मऊ धातू. तो पाण्यात पडला की पेट घेऊ शकतो, म्हणून रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. क्लोरीन हा हिरवट-पिवळा विषारी वायू. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ईप्रच्या रणभूमीवर त्याने सैनिकांचे बळी घेतले. या दोघांच्या संयोगातून आपल्या ताटातले मीठ तयार होते. सोडियमचा अणू एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देतो, विरुद्ध भारांचे आयन एकमेकांना घट्ट धरतात आणि घटकांचे मूळ गुण लोपतात. हे झाले संयुग. ते फोडणे उन्हाच्या आवाक्यातले नाही. त्यासाठी मीठ सुमारे ८०० अंश सेल्सिअसला वितळवून त्यातून वीज सोडावी लागते.

संयुगात प्रमाणही पक्के असते. २३ ग्रॅम सोडियमला ३५.५ ग्रॅम क्लोरीन लागतो. सोडियम जास्त घेतला तर जास्तीचा तसाच उरतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रूस्त यांनी स्पेनमध्ये काम करताना तांब्याच्या कार्बोनेटवरून हा नियम मांडला. ते खाणीतले असो वा प्रयोगशाळेतले, घटकांचे प्रमाण तेच भरले. रसायनशास्त्रज्ञ बर्थोले यांनी त्याला विरोध केला, वाद बरीच वर्षे चालला आणि प्रूस्त यांचा नियम टिकला.

म्हणूनच सैंधव आणि समुद्री मीठ यांतले सोडियम क्लोराइड एकच. वेगळेपण येते ते सोबत मिसळलेल्या द्रव्यांमुळे. पावसाळ्यात बरणीतले खडे मीठ पाझरते, ते मुख्यतः त्यातल्या मॅग्नेशियम क्लोराइडने हवेतली ओल ओढल्यामुळे.

आयोडीनचेही असेच. पोटॅशियम आयोडेट हे संयुग मिठात मिसळतात. भारतात ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दशलक्ष भागांमागे किमान १५ भाग आयोडीन असावे लागते. आयोडेटमधले प्रमाण निसर्गनियमाने ठरलेले आहे. मिठातले त्याचे प्रमाण मात्र माणसालाच राखावे लागते. गलगंड टाळायचा तर कारखान्यात ते काटेकोर मिसळायला हवे आणि नमुने वेळोवेळी तपासायला हवेत.