बहुभाषी आज्ञावलीची बांधणी

खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी मुद्रितशोधक प्रुफावर दुरुस्तीची खूण करी. परंतु ती जुळाऱ्याच्या नजरेतून सुटली, तर खिळे तसेच राहत आणि फर्मा जुन्या चुकीसह यंत्रावर चढे. संगणकाची आज्ञावली तयार करतानाही असाच प्रकार घडू शकतो. तो टाळणाऱ्या व्यवस्थेला 'बिल्ड सिस्टिम', म्हणजे बांधणीची यंत्रणा, असे म्हणतात.

प्रोग्रॅमर जे लिहितो ते यंत्राला थेट उमगत नाही. सी किंवा फोर्ट्रान भाषेतील प्रत्येक फाइल कंपायलर यंत्रभाषेत उतरवतो. नंतर लिंकर ते तुकडे जोडून आज्ञावली सिद्ध करतो. फाइली शेकड्यांनी असल्या, म्हणजे दर वेळी सर्व काम नव्याने करणे परवडत नाही. आणि निवडक फाइलींचेच करावे, तर एखादी राहून जाण्याचे भय असते.

अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७६ साली हे भय खरे ठरले. एकाने चूक सुधारली, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करावयाची राहिली. निर्दोष लेखनात दोष शोधण्यात त्याची सबंध सकाळ वाया गेली. ती हकीकत ऐकून त्याचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' हे साधन रचले. कोणती वस्तू हवी, ती कशाकशापासून बनते आणि कोणत्या आज्ञेने बनते, एवढे त्यात लिहून ठेवावयाचे. मूळ फाइल तिच्यापासून बनलेल्या वस्तूहून ताजी दिसली, की 'मेक' ती वस्तू आणि तिच्यावर अवलंबून असलेले सर्व काही नव्याने बनवतो. तथापि जो संबंध लिहिलेलाच नाही, तो त्याला कळत नाही.

अनेक भाषा एकत्र आल्या, की नेमके हेच संबंध निसटू लागतात. 'सायपाय' या शास्त्रीय गणिताच्या संग्रहाचे उदाहरण पाहावे. २०२२ साली त्यात पायथन, सी, सी++, फोर्ट्रान आणि सायथन या भाषा नांदत होत्या. सायथनमधील लेखनापासून प्रथम सी भाषेतील फाइल तयार होते, ती मग कंपाइल होते आणि अखेर पायथनला जोडली जाते. आधुनिक फोर्ट्रानमध्ये एका फाइलीतील मॉड्यूल दुसरीत वापरावयाचे असेल, तर पहिली आधी कंपाइल व्हावी लागते. म्हणजे कोणाच्या आधी कोण, हा क्रम भाषांच्या सीमा ओलांडून जातो.

अशा वेळी प्रत्येक भाषेची यंत्रणा स्वतंत्र ठेवण्याचा मोह होतो. परंतु तसे केल्यास प्रत्येकीला चित्राचा एक तुकडाच दिसतो. प्रत्येक उपविभागात वेगळा 'मेक' चालविण्याने हाच अनर्थ होतो, हे पीटर मिलर यांनी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवून दिले. संबंधांचा आराखडा एकच आणि संपूर्ण असावा, हे त्यातील सार होय.

'सायपाय'लाही जुनी व्यवस्था सोडावी लागली. पायथनसोबत येणारे 'डिस्ट्युटिल्स' हे बांधणीचे साधन बाद करण्याचे ठरले होते आणि ऑक्टोबर २०२३ मधील ३.१२ या आवृत्तीतून ते प्रत्यक्ष वगळण्यात आले. त्यापूर्वीच, जुलै २०२२ मधील १.९.० या आवृत्तीत, 'सायपाय'ने 'मेसॉन'चा अंगीकार केला. 'मेसॉन' सर्व भाषांतील संबंधांचा एकच आराखडा तयार करते आणि 'निंजा' हे चपळ साधन त्यानुसार काम उरकते.

नवी मांडणी करणाराने प्रथम कोणत्या वस्तू निर्माण व्हावयाच्या आहेत याची यादी करावी आणि प्रत्येकीचे मूळ शोधावे. यंत्राने निर्माण केलेल्या फाइली हस्तलिखित फाइलींत मिसळू नयेत. त्यांना स्वतंत्र फोल्डर असावे. कंपायलरच्या आवृत्त्या नोंदवून ठेवाव्या. सी आणि सी++ मधील हेडर फाइलींचे संबंध हाताने लिहिण्याऐवजी कंपायलरकडूनच मिळवावे.

अखेरीस कसोटी घ्यावी. एकच हेडर बदलून बांधणी करावी. मग सारे पुसून पुन्हा मुळापासून करावी. दोन्हींतून मिळालेल्या आज्ञावल्यांचे वर्तन वेगळे दिसले, तर कुठला तरी संबंध नोंदवावयाचा राहिला आहे असे समजावे. अनेक कामे एकाच वेळी चालविली असता बांधणी कधी साधते, कधी मोडते, याचेही कारण पुष्कळदा हेच असते. हा दोष आरंभीच काढला, तर पुढे निर्दोष लेखनात चुका शोधत कोणाची सकाळ वाया जाणार नाही.