वटवाघूळ आणि भुंगेरा: एका वडाचे दोन रात्रपाळीवाले

पंचवटी हे नाव पाच वडांवरून पडले, असे मानले जाते. जुन्या वडाच्या आसऱ्याला दोन अगदी वेगळे जीव राहू शकतात. वर फांदीला उलटे लटकणारे फळे खाणारे वटवाघूळ आणि खाली पाचोळ्यात फिरणारा शिकारी भुंगेरा. दोघेही रात्री बाहेर पडतात आणि दोघांनाही माणूस उगाच घाबरतो.

शरीरात फरक काय?

वटवाघूळ सस्तन प्राणी आहे. भारतातल्या मोठ्या फळखाऊ वटवाघळाचे वजन एक किलोच्या पुढे जाते, तर पसरलेले पंख मीटरभराहून लांब भरतात. मादीला वर्षाला बहुधा एकच पिल्लू होते आणि ती त्याला दूध पाजते.

भुंगेरा हा सहा पायांचा कीटक. त्याचा प्रवास अंडे, अळी, कोष आणि मग भुंगेरा असा होतो. काळ्या पाठीवर सहा पांढरे ठिपके असलेला भुंगेरा तर उडतच नाही, तो धावून शिकार पकडतो.

कोण काय खातो?

हे मोठे वटवाघूळ प्रतिध्वनीवर नाही, तर डोळे आणि नाकाच्या भरवशावर फळ शोधते. रस गिळून चोथा थुंकते. वड-उंबराच्या बारीक बिया त्याच्या विष्ठेतून दूरवर पडतात आणि तिथे नवे झाड उगवते. भुंगेरा अळ्या आणि इतर किडे खातो. म्हणजे एक झाडे लावतो, दुसरा कीड आवरतो.

धोका कुणाला?

1972 च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळे उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवी ठरवली होती. 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच निघाली. पण यादीतून सुटका झाली, तरी राहायला झाड हवेच. 2025 च्या अखेरीस तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडे तोडण्याच्या प्रस्तावाला नाशिककरांनी विरोध केला, तेव्हा हाच प्रश्न समोर होता. जुने झाड गेले की वटवाघळांची वस्ती उठते. पाचोळा जाळला किंवा कीटकनाशक फवारले की भुंगेरा संपतो. नवे रोप लावता येते, पण त्याचा डेरेदार वड व्हायला कित्येक दशके लागतात.

एवढे पाळा

वटवाघळाने कुरतडलेले फळ खाऊ नका, मेलेल्या वटवाघळाला हात लावू नका. ठिपक्यांचा भुंगेरा डिवचला तर आम्लाची पिचकारी मारतो, म्हणून तोही हातात घेऊ नका. दोघांनाही मारण्याची गरज नाही, लांबून पाहणे पुरेसे आहे.