ॲडमिरल रामदास : युद्धनौकेवरून भायमळ्याच्या शेतात

नौदलाच्या इतिहासात रस असलेल्यांना ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास ठाऊक असतातच. पण मला निवृत्तीनंतरचे रामदास अधिक मोठे वाटतात.

जन्म 1933, माटुंग्याचा. 1971च्या युद्धात 'आयएनएस बियास'चे कप्तान म्हणून पूर्व पाकिस्तानच्या सागरी नाकेबंदीत भाग घेतला आणि वीरचक्र मिळवलं. 1990 ते 1993 नौदलप्रमुख. 1992 मध्ये स्त्रियांसाठी नौदलात अधिकारीपदाची दारं उघडली, ती त्यांच्याच कारकिर्दीत.

पुढे पत्नी ललिता यांच्यासह ते अलिबागजवळच्या भायमळा गावी राहायला गेले आणि शेती करू लागले. ललिता म्हणजे पहिले भारतीय नौदलप्रमुख ॲडमिरल कटारी यांची मुलगी. तीन लेकींचं हे कुटुंब. रायगडातले शेतकरी सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) भूसंपादनाविरुद्ध उभे राहिले, तेव्हा हे दोघंही त्यांच्या बाजूने उतरले. एवढं मोठं पद भूषवलेला माणूस गावकऱ्यांबरोबर उभा राहतो, याचं मला फार अप्रूप आहे.

ज्या देशाशी लढले, त्याच्याशी शांतता व्हावी म्हणूनही ते झटले. 2004चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना पाकिस्तानच्या आय. ए. रहमान यांच्यासोबत मिळाला.

15 मार्च 2024 रोजी हैदराबादमध्ये त्यांचं निधन झालं. अलिबागकरांनो, तुमच्यापैकी कुणी त्यांना भेटलं असेल तर आठवणी जरूर लिहा.